तारतंत्री परवान्याची परीक्षा वैध कशी ठेवायची

परवाना मिळालेला तारतंत्री (वायरमन) दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी घरातला मेन स्विच उघडून काम करू लागतो. घरमालकाला त्याचे गुण माहीत नसतात, त्याला फक्त परवाना दिसतो. त्यामुळे परीक्षेच्या वैधतेचा प्रश्न असा विचारायचा: या गुणांवरून ‘हा माणूस कुणाचाही जीव धोक्यात न घालता वायरिंगचं काम करील’ असं म्हणण्याला पुरावा आहे का? पेपर फुटला नाही, वेळेवर सुरू झाला, निकाल वेळेत लागला, हे सगळं हवंच. पण तेवढ्याने हा पुरावा तयार होत नाही.

पुढची पद्धत तारतंत्री आणि पर्यवेक्षक यांच्या परीक्षा डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. परिचारिका, बॉयलर परिचर किंवा वाहनचालक यांच्या परीक्षांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

आधी काम बघा, पुस्तक नंतर

बहुतेक पेपर बिघडतात ते इथेच. समिती बसते, आयटीआयचा अभ्यासक्रम समोर ठेवते आणि प्रकरणांप्रमाणे प्रश्न वाटून टाकते. अभ्यासक्रम शिकवण्यासाठी असतो, परवाना मात्र काम करण्यासाठी. दोन्हींत बराच भाग सामाईक असला तरी ते एक नव्हेत.

सुरुवात कामांच्या यादीने करा. आठ-दहा जाणकार एकत्र बसवा: चालू परवानाधारक, कंत्राटदार, विद्युत निरीक्षक कार्यालयातले अनुभवी लोक आणि एखादा आयटीआय निदेशक. सगळे निदेशक नकोत. प्रत्येक काम क्रियापदात लिहा. ‘अर्थिंग’ हा विषय झाला. ‘अर्थ इलेक्ट्रोडचा रोध मोजणे आणि तो जास्त आल्यास कारण शोधणे’ हे काम झालं. साधारण ८० ते १२० कामं निघतात.

मग ही यादी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे पाठवा. मुंबईतल्या इमारती, विदर्भातले कृषिपंप, एमआयडीसीतली शेड, किनारपट्टीवरची गंजणारी जोडणी, अशा सगळ्या ठिकाणचे लोक त्यात हवेत. फक्त शहरातल्यांना विचारलं तर पंपाचा स्टार्टर यादीच्या तळाशी जातो. प्रत्येक कामाला दोन अंक मागा: हे काम किती वेळा येतं (० ते ४) आणि चुकलं तर किती नुकसान होतं (१ ते ४).

हे दोन अंक सरळ गुणू नका. पंखा बसवण्याचं काम नेहमी येतं, चुकलं तर मध्यम नुकसान: ४ × २ = ८. जनरेटर किंवा इन्व्हर्टरमधून बंद केलेल्या लाइनवर उलटा पुरवठा जाऊ न देणं हे काम क्वचित येतं, पण चुकलं तर खांबावर काम करणारा माणूस मरतो: १ × ४ = ४. गुणाकारात पंख्याचं वजन दुप्पट झालं. त्याऐवजी नुकसानाचा अंक दुप्पट करून वारंवारता त्यात मिळवा. पंख्याला ४ + ४ = ८ आणि उलट्या पुरवठ्याला ८ + १ = ९ येतात. सूत्र कोणतंही घ्या, पण ते आकडे गोळा करण्याआधी ठरवा आणि कारणासकट लिहून ठेवा.

संविधान तक्ता

वजनं हाती आली की संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या कामावर किती आणि कशा प्रकारचे प्रश्न याचा आराखडा, बनवायला वेळ लागत नाही. उभ्या रकान्यात कामाची क्षेत्रं, आडव्यात आठवण, वापर आणि निर्णय. १०० प्रश्नांच्या पेपरमध्ये निव्वळ आठवणीचे प्रश्न २०–२५च्या वर जाऊ देऊ नका. मोकळे सोडले तर ते ६०वर जातात, कारण ते लिहायला सोपे असतात. कोणतं कौशल्य लेखी परीक्षेत मोजायचं आणि कोणतं हातानं करून दाखवायचं, हेही इथेच ठरवा. लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) क्रिम्प करता, म्हणजे दाबून घट्ट बसवता येतो का, हे चार पर्यायांतून कधीच कळत नाही.

एका प्रश्नाची दुरुस्ती

‘विद्युत अधिनियम कोणत्या वर्षीचा?’ या प्रश्नाचं उत्तर २००३ आहे, पण ते ठाऊक नसल्यामुळे कुणाला शॉक बसत नाही. असे प्रश्न काढून टाका. कस लागतो तो जरा वरच्या प्रकारच्या प्रश्नांत. हा मसुदा पाहा (डीबी म्हणजे घरातल्या सर्किटांना वीज वाटणारा बोर्ड, एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच, आरसीसीबी म्हणजे अर्थकडे गळती झाली की पडणारा स्विच):

‘डीबीमधला आरसीसीबी ट्रिप होत असेल तर काय कराल? अ) जास्त क्षमतेचा एमसीबी बसवणे. आ) आरसीसीबी काढून थेट जोडणी करणे. इ) मेन बंद करून न्यूट्रल बारवरचे न्यूट्रल एकेक सोडवून अर्थशी गळती आहे का ते तपासणे. ई) वरीलपैकी सर्व.’

विषय कामाचा, तरी प्रश्न निकामी. कोणत्या परिस्थितीत ट्रिप होतो ते सांगितलेलं नाही. बरोबर पर्याय सगळ्यांत लांब आहे, त्यामुळे वायरिंग न शिकलेलाही त्यावर खूण करील. ‘थेट जोडणी’ परीक्षेत कुणीच निवडत नाही. आणि ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय आ आणि इ यांना एकत्र बांधतो, जे शक्यच नाही.

दुरुस्त रूप असं:

‘डीबीमध्ये एकपोली एमसीबी आहेत. सगळे एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी चढवताच ट्रिप होतो. मेन बंद केल्यावर पुढे काय कराल? अ) एमसीबी एकेक चालू करून पाहीन. आ) न्यूट्रल एकेक सोडवून तपासीन. इ) अर्थ इलेक्ट्रोडचा रोध मोजीन. ई) आरसीसीबी बदलून पाहीन.’

आता प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे खरीखुरी चूक आहे. अ ही रोजची सवय आहे, पण मेन बंद असताना तिचा काही उपयोग नाही आणि मेन चालू केला तर आरसीसीबी आधीच पडतो. इ निवडणाऱ्याला आरसीसीबी नेमका कशावर चालतो हे कळलेलं नाही. ई हा घाईचा उपाय आहे; सगळे न्यूट्रल सोडवूनही ट्रिप झाला, तरच आरसीसीबीवर संशय घ्यायचा. आ बरोबर, कारण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो कुठेतरी अर्थला टेकला असेल तर गळती सुरूच राहते.

चौथा विश्वासार्ह पर्याय सुचत नसेल तर तीनच ठेवा. कुणी निवडणारच नाही असा पर्याय फक्त वाचनाचा वेळ खातो.

प्रत्येक प्रश्नासोबत एक कार्ड ठेवा: कोणत्या कामाशी जोडलेला, बरोबर उत्तराचा आधार (नियम, भारतीय मानकाचा क्रमांक, उत्पादकाची सूचना), लिहिणारा, तपासणारे दोघे, वापरल्याच्या तारखा. वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही मानकं हाताशी हवीत, आणि त्यांची चालू आवृत्तीच हवी. सुरक्षा व वीजपुरवठ्यासंबंधीचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१०चे विनियम जाऊन २०२३चे आले आहेत. जुन्या विनियमांतला कलमक्रमांक विचारणारा प्रश्न साठवणीच्या प्रश्नपेढीत पडून राहिला, तर नवं वाचून आलेल्याचं उत्तर चूक ठरतं.

भाषेने कुणाला पाडू नका

उमेदवार कामावर ‘अर्थिंग’, ‘मेगर’ (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र), ‘न्यूट्रल’ म्हणतो. पेपरमध्ये ‘भूसंपर्कन’ आणि ‘विद्युतरोधन’ आलं की तो वीज सोडून शब्दाशी झटापट करतो. गुण कमी येतात, पण ज्ञान कमी नसतं. वैधतेला लागलेली ही सरळसरळ गळती आहे. नियम सोपा ठेवा: कामावर जो शब्द चालतो तोच वापरा, आणि सरकारी पारिभाषिक शब्द द्यायचाच असेल तर दोन्ही शेजारी द्या.

इंग्रजी मसुद्यावरून मराठी करताना दुसऱ्या माणसाने मूळ न पाहता मराठी प्रश्न सोडवावा. ‘कोणते विधान चूक नाही’ अशा दुहेरी नकाराचे प्रश्न भाषांतरात हमखास फिरतात. आकृतीतल्या खुणा आणि एककं दोन्ही भाषांत एकच ठेवा. उत्तरपत्रिका आल्यावर एकूण गुण जवळपास सारखे असलेल्या मराठी आणि इंग्रजी उमेदवारांत एखाद्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण बरंच वेगळं दिसलं, तर आधी भाषांतर तपासा.

प्रात्यक्षिक: हात बघायचा तर दोघांनी बघा

प्रात्यक्षिकात परीक्षकाचा स्वभाव मोजला जाण्याची भीती सगळ्यांत जास्त. म्हणून ‘काम समाधानकारक – १० गुण’ अशी ओळ गुणपत्रकात नको. दिसणारी कृती लिहा आणि ती केली की नाही एवढंच विचारा.

‘पुरवठा बंद करून खात्री करणे’ या एका कामाचं गुणपत्रक असं होईल: योग्य स्विच ओळखून बंद केला, कुलूप किंवा टॅग लावला, टेस्टर आधी चालू पुरवठ्यावर लावून तो चालतो हे पाहिलं, मग कामाच्या जागी फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ तपासलं, शेवटी टेस्टर पुन्हा चालू पुरवठ्यावर लावला. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. तपासणीच्या मधेच टेस्टर बिघडला असेल तर जिवंत तारही मेलेली दिसते, आणि ते फक्त याच पायरीत कळतं. खात्री न करताच उघड्या तारेला हात लावला तर बाकी गुण कितीही असोत, उमेदवार नापास. अशा प्राणघातक चुकांची यादी पाच-सहांवर नेऊ नका आणि ती उमेदवारांना आधीच सांगा.

मोजमापाच्या कामातही निकष आकड्यात असावा. ‘मेगर नीट वापरला’ असं लिहू नका. ५०० व्होल्ट डीसीवर एक मिनिट दाब दिला, नोंद मेगोहममध्ये केली, १ मेगोहमपेक्षा कमी आलेलं सर्किट चालू करायला नकार दिला, असं लिहा. डिजिटल मेगर वापरत असाल तर सर्व केंद्रांवर एकाच प्रकारचा ठेवा आणि सकाळी ठाऊक असलेल्या रोधावर तपासून त्याची नोंद करा. तारेचे तुकडे, लग, बोर्ड आधीच मापून पिशव्यांत भरून ठेवा. दुपारच्या तुकडीला सकाळचे कापलेले तुकडे मिळाले की परीक्षा बदलली.

परीक्षकांचा मेळ असा तपासा. २० उमेदवारांना दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत. समजा १४ जणांना दोघांनीही पास केलं, तिघांना दोघांनीही नापास केलं आणि तिघांवर मतभेद झाला. एकमत ८५ टक्के, ऐकायला छान. पण पहिल्याने एकूण १५ आणि दुसऱ्याने १६ पास केले असतील, तर निव्वळ योगायोगानेही ६५ टक्के एकमत झालं असतं (०.७५ × ०.८० + ०.२५ × ०.२०). योगायोग वजा करून उरतं (०.८५ − ०.६५) ÷ ०.३५, म्हणजे सुमारे ०.५७. माणसाची रोजीरोटी ठरवायला हे कमी आहे. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून मतभेदाचे तीन व्हिडिओ पुन्हा दाखवा. दोष बहुतेकदा गुणपत्रकातल्या एखाद्या संदिग्ध ओळीत सापडतो.

उत्तीर्णतेची रेषा

पन्नास टक्के का? बऱ्याच नियमांत तो आकडा लिहिलेला असतो, पण पेपर सोपा किंवा अवघड झाला की त्याच पन्नासाचा अर्थ बदलतो. रेषा पेपरवरून आणि कामावरून काढावी लागते. १९७१मध्ये परीक्षातज्ज्ञ विल्यम अँगॉफ यांच्या लेखनातून पुढे आलेली पद्धत आजही सगळ्यांत सोयीची आहे.

आठ ते बारा परीक्षक घ्या. आधी अर्धा दिवस फक्त ‘जेमतेम पात्र’ तारतंत्र्याचं वर्णन करण्यात घालवा: त्याला काय येतंच, काय अडखळत येतं, काय येत नसलं तरी चालेल. हा अर्धा दिवस वाचवणारी समिती पुढे आकडे नुसते फेकते. मग प्रत्येक प्रश्नाला विचारा: असे १०० जेमतेम पात्र उमेदवार असतील तर किती जण बरोबर उत्तर देतील?

वरच्या आरसीसीबीच्या प्रश्नाला आठ जणांनी दिलेले आकडे समजा ६०, ५५, ७०, ५०, ६५, ६०, ८५, ५५ आहेत. सरासरी ६२.५. पंच्याऐंशीवाल्याला कारण विचारा. बहुधा तो आपल्याकडच्या उत्तम कारागिराचा विचार करत असतो. चर्चेनंतर त्याने ६५ केलं तर सरासरी ६० येते. दबाव आणू नका. त्याचं कारण पटलं तर इतरांनी वर जावं. सगळ्या प्रश्नांच्या सरासऱ्या शंभराने भागून त्यांची बेरीज केली की रेषा मिळते, समजा ६१.४. अपूर्णांक वर घ्यायचा की खाली, हे आधीच ठरलेलं असावं.

नियमात ५० टक्केच लिहिलेले असतील आणि ते बदलणं मंडळाच्या हातात नसेल, तर उलट दिशेने जा. प्रश्नपेढीतल्या प्रत्येक प्रश्नाचा असा अंदाज आधीच घेऊन ठेवा आणि बेरीज ५०च्या जवळ येईल असे प्रश्न निवडा. नियमही पाळला जातो आणि आकड्याला अर्थही राहतो.

निकाल लावण्याआधी

निकाल जाहीर करून मग हरकती घेणं ही उलटी गंगा आहे. उत्तरपत्रिका तपासल्या की दोन दिवस हातात ठेवा.

शंभर उमेदवार असतील तर गुणांप्रमाणे रांग लावा, वरचे २७ आणि खालचे २७ घ्या. एखादा प्रश्न वरच्यांतल्या २२ आणि खालच्यांतल्या १० जणांना आला तर काठीण्य (बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण) ३२ ÷ ५४ = ०.५९ आणि भेददर्शक मूल्य (वरच्या आणि खालच्या गटांतला फरक) १२ ÷ २७ = ०.४४. प्रश्न उत्तम. दुसऱ्या प्रश्नात वरचे ९ आणि खालचे १५ बरोबर आले, म्हणजे मूल्य −०.२२. हुशार उमेदवार जास्त चुकतात असा प्रश्न दिसला की प्रथम उत्तरतालिका उघडा. बहुतेक वेळा तिथे चुकीचं अक्षर असतं, नाहीतर दोन पर्याय बरोबर असतात. मूल्य ०.२०च्या खाली असेल तर प्रश्न पुन्हा वाचा. मात्र सुरक्षिततेचा प्रश्न ९५ टक्क्यांना आला म्हणून काढू नका. तिथे सगळ्यांचा फरक पडायचा नसतो, सगळ्यांना यायचाच असतो. उमेदवार तीस-चाळीसच असतील तर हे आकडे फक्त शंका सुचवतात, निर्णय माणसांनीच प्रश्न वाचून घ्यावा.

संपूर्ण पेपरची विश्वसनीयताही काढा, म्हणजे असाच पेपर पुन्हा घेतला तर गुण कितपत तसेच येतील याचं ० ते १ मधलं माप. गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १० आणि विश्वसनीयता ०.८५ असेल, तर एका उमेदवाराच्या गुणांतली प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार) १० × √०.१५, म्हणजे जवळपास ३.९. रेषा ६२ असेल तर ५८ ते ६६ या पट्ट्यातला निर्णय डळमळीत आहे. यावर ग्रेस गुण हा उपाय नाही. तारतंत्र्याच्या बाबतीत अपात्राला परवाना देण्याची चूक पात्राला पुन्हा बसवण्याच्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते, म्हणून रेषा खाली आणू नये. त्याऐवजी फेरपरीक्षा लवकर ठेवा आणि प्रश्न वाढवा. ५० प्रश्नांना ०.७४ विश्वसनीयता असेल, तर त्याच दर्जाचे १०० प्रश्न घेतल्यास ती ०.८५पर्यंत जाते.

या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे बासष्ट सारखे आहेत का?

दर वर्षी नवा पेपर आणि तीच रेषा, यात एखाद्या वर्षीच्या उमेदवारांवर निमूटपणे अन्याय होतो. त्यासाठी १०० पैकी २० ते २५ प्रश्न मागच्या पेपरमधून जसेच्या तसे घ्या. ते संविधान तक्त्याची छोटी प्रतिकृती असावेत आणि पेपरमध्ये साधारण त्याच क्रमांकावर यावेत. दोन्ही वर्षी या २५ प्रश्नांची सरासरी १८ आली, म्हणजे उमेदवारांची तयारी सारखी आहे. पण एकूण सरासरी गेल्या वर्षी ६७ आणि या वर्षी ६४ असेल, तर नवा पेपर ३ गुणांनी कठीण निघाला, आणि या वर्षीची रेषा ५९. उमेदवार मोजके असताना यापेक्षा गुंतागुंतीच्या रीतीमागे लागू नका.

हे सामाईक प्रश्न बाहेर गेले की सगळं गणित कोसळतं. ‘यंदा तयारी सुधारली’ असं वाटायला लागतं आणि नवा पेपर कठीण भासून रेषा विनाकारण खाली जाते. म्हणून परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या. एखादा सामाईक प्रश्न अचानक फार सोपा झालेला दिसला तर तो त्या वर्षीच्या हिशोबातून वगळा.

यादी जुनी कधी होते

कामांची यादी पाच वर्षांनी नव्याने करा, आणि कामच बदललं तर त्याआधीही. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचं उद्दिष्ट घेऊन. इन्व्हर्टर बंद केला तरी उन्हात पॅनेलकडून येणारी डीसी तार जिवंतच असते. एसीच्या सवयीचा हात तिथे फसतो. ज्या पेपरमध्ये हे कुठेच विचारलेलं नाही तो कितीही काटेकोर असला तरी आजच्या तारतंत्र्याबद्दल अर्धंच सांगतो.

नवी कामं हुडकायला विद्युत निरीक्षकांच्या अपघात चौकशीचे अहवाल सगळ्यांत उपयोगी. वर्षातून एकदा ते घेऊन बसा आणि प्रत्येक अहवालापुढे दोन गोष्टी लिहा: कोणती कृती चुकली, आणि ती आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसते. रकाना सापडला नाही तर तो उघडा. रकाना आहे पण त्यातले प्रश्न सगळ्यांनाच येतात, तर तो विषय लेखीतून प्रात्यक्षिकात हलवा आणि पुढच्या परीक्षेच्या गुणपत्रकात त्याची ओळ घाला.